पाच फुग्यांची नळी

१८२४ साली हेसे-डार्मश्टाट या लहानशा जर्मन संस्थानाच्या ग्रँड ड्यूकने गीसेनच्या विद्यापीठावर रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक नेमला. त्याचे वय एकवीस होते आणि नेमणुकीआधी विद्यापीठाचे मत कोणी विचारले नव्हते. शिफारस मात्र भारदस्त होती, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची. तरुणाचे नाव युस्टुस लीबिग. वडिलांचे डार्मश्टाटला रंग आणि औषधी द्रव्यांचे दुकान होते. त्या दुकानातल्या बरण्यांशी खेळतच पोर रसायनाच्या नादी लागले. औषधविक्याकडची उमेदवारी अर्धवट सोडून, पॅरिसला गे-ल्युसाकच्या हाताखाली स्फोटक फुल्मिनेटांवर काम करून तो परतला होता. गीसेनला प्रयोगशाळा म्हणून त्याला मिळाली लष्कराने सोडलेल्या बराकीतली पहारेकऱ्यांची चौकी.

त्या चौकीत पुढच्या अठ्ठावीस वर्षांत जे घडले, त्याचे धागेदोरे आपल्या शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. परीक्षानळी, चंचुपात्र, शंकुपात्र, ब्युरेट, बर्नर ही नावे आपण दहावी-बारावीत घोकतो, आकृत्या काढतो, कंसात नावे देतो आणि विसरतो. ही भांडी कोणी आणि कशासाठी घडवली, हे पुस्तकात नसते. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राची सर्वांत मोठी गोष्ट एखादे मूलद्रव्य सापडणे ही नाही. जे काम युरोपातल्या मोजक्या सिद्धहस्त माणसांनाच जमे, ते काचेच्या स्वस्त नळ्यांमुळे साध्या विद्यार्थ्याला जमू लागले, ही ती गोष्ट आहे.

आधीचे चित्र कसे होते, ते पाहायचे तर स्टॉकहोमला बर्झेलियसच्या घरी जायला हवे. त्या काळी युरोपातला सर्वांत नाणावलेला रसायनज्ञ तो. १८२३ साली फ्रिड्रिश व्होलर हा जर्मन तरुण त्याच्याकडे शिकायला गेला आणि त्याने त्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेचे वर्णन लिहून ठेवले. दोन साध्या खोल्या. ना मोठ्या भट्ट्या, ना धूर ओढून घेणारी धुराडी. शेजारीच स्वयंपाकघर, तिथे अ‍ॅना नावाची घरकाम पाहणारी बाई जेवण रांधायची आणि प्रयोगाची भांडीही घासायची. एकदा तिने भांडे हुंगून त्याला ऑक्सिम्युरिअ‍ॅटिक आम्लाचा वास येतो म्हणून सांगितले, तेव्हा बर्झेलियसने तिला समजावले की आता त्याला क्लोरीन म्हणायचे. नव्या नावाची बातमी भांडी घासणारीपर्यंत पोहोचावी, इतके ते शास्त्र घरगुती होते. आणि म्हणूनच तुटपुंजेही होते. एका वेळी एखाददुसरा शिष्य. चांगला गाळणकागद, रबराची नळी, स्पिरिटचा दिवा या गोष्टी वापरात रुजवण्यात बर्झेलियसचा मोठा हात, पण त्याचे खरे बळ त्याच्या बोटांत आणि चिकाटीत होते. ते बळ दुसऱ्याला देता येत नव्हते.

त्याच्याही आधी लाव्हाझिए. त्याने मेग्निए या कारागिराकडून पितळेची वायुमापके करवून घेतली होती, इतकी महाग की ती विकत घेण्याची ऐपत दुसऱ्या रसायनज्ञांत क्वचितच असेल. लाव्हाझिए सरकारी करवसुलीच्या मक्त्यातला भागीदार होता, त्याला परवडले. गीसेनच्या चौकीत पितळ परवडणार नव्हते. काच परवडणार होती.

त्या वेळचा अडलेला प्रश्न सेंद्रिय पदार्थांचा होता. साखर, मेण, अफूतले मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन. या सगळ्यांत मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, काहींत नायट्रोजन. घटक तेच, प्रमाण वेगळे. म्हणजे कोणता पदार्थ कोणता हे ठरवायचे तर प्रमाण अचूक मोजायला हवे. पद्धत माहीत होती: पदार्थ पूर्ण जाळायचा, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते, ती दोन्ही मोजायची. अडचण मोजण्यात होती. कार्बन डायऑक्साइड पाऱ्यावर उपड्या धरलेल्या भांड्यात गोळा करून त्याचे आकारमान मोजत. भांडे मोठे करायला मर्यादा, म्हणून पदार्थ चिमूटभरच घ्यायचा, आणि चिमटीत झालेली लहानशी चूक मॉर्फिनसारख्या जड रेणूत भलतेच सूत्र देऊन जायची.

१८३० साली लीबिगने वायूचे आकारमान मोजणेच सोडून दिले. त्याने वायू वजनाला लावला. त्यासाठी जे उपकरण त्याने केले त्याला जर्मनमध्ये ‘कालीअपाराट’ म्हणतात. एकच काचनळी दिव्याच्या ज्योतीवर वाकवून त्रिकोणी केलेली, आणि तिच्यात फुंकून काढलेले पाच फुगे: तळाला तीन छोटे, दोन बाजूंना वर एकेक मोठा. आत दाहक पोटॅशचे द्रावण. हातात धरले तर तळव्यावर मावावे एवढे.

काम असे चाले. लांब ज्वलननळीत तोलून घेतलेला पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडात मिसळून भरायचा. नळी पत्र्याच्या लांबट शेगडीत आडवी ठेवून भोवती कोळशाचे निखारे रचायचे, पण एकदम नाही, एका टोकाकडून हळूहळू पुढे सरकवत. पदार्थ जळे, वायू बाहेर पडे. पहिल्यांदा तो कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीतून जाई, तिथे पाण्याची वाफ शोषली जाई. मग पाच फुग्यांत शिरे. तळाच्या तीन फुग्यांतून बुडबुड्यांच्या रूपाने जाताना कार्बन डायऑक्साइडचा कणन् कण पोटॅश पिऊन टाके. वरचे दोन मोठे फुगे कशासाठी? द्रावण उसळले किंवा भट्टी निवताना मागे ओढले गेले, तर ते तिथेच अडावे म्हणून. शेवटी ज्वलननळीचे बंद टोक मोडायचे आणि दुसऱ्या टोकाला तोंडाने हलकेच हवा ओढायची, म्हणजे आत रेंगाळलेला वायूही फुग्यांत येतो. दोन्ही नळ्या प्रयोगाआधी आणि नंतर तराजूत घालायच्या. आजच्या हिशेबात बोलायचे तर ४४ भार कार्बन डायऑक्साइडात १२ भार कार्बन, १८ भार पाण्यात २ भार हायड्रोजन. त्रैराशिक मांडले की झाले.

१८३१ साली पोगेनडॉर्फच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. लीबिगने त्यात प्रांजळपणे म्हटले होते की या उपकरणात नवे काही असेल तर त्याचा साधेपणा आणि त्याची खात्री. बर्झेलियससारख्याने एकेका पदार्थासाठी महिने घालवले होते. गीसेनचा होतकरू विद्यार्थी आता ते काम दिवसभरात उरकू लागला. नळी फुटली तर दिव्यावर बसून दुसरी करावी. म्हणून गीसेनला काच फुंकायला शिकणे हाही अभ्यासाचाच भाग होता.

याच चौकीशी आणखी एक उपकरण जोडले जाते, ते म्हणजे ‘लीबिग कंडेन्सर’: आतल्या नळीतून वाफ, बाहेरच्या नळीतून थंड पाणी. हे मात्र लीबिगचे नव्हे. ख्रिस्टियान एरेनफ्रीड वायगेलने १७७१ सालीच त्याचे वर्णन केले होते, पुढे इतरांनीही. लीबिगने ते इतके वापरले आणि त्याच्या पुस्तकांतून ते इतके पसरले की नाव त्याचेच चिकटले. हा अन्याय आता कोणी दुरुस्त करील असे नाही, म्हणून निदान वायगेलचे नाव इथे नोंदवतो. त्या नळीत पाणी खालच्या तोंडाने घालून वरून बाहेर काढायचे असते. उलट केले तर बाहेरची नळी पुरती भरत नाही, वाफ निसटते आणि गरम काच थंड धारेने तडकते. परीक्षेच्या आकृतीत बाण उलटा काढला की गुण का जातात, त्याचे कारण हे.

पण गीसेनची खरी निर्मिती माणसे होती. तोवर विद्यापीठात रसायन ऐकायचे असे: प्राध्यापक मेजावर प्रयोग करून दाखवी आणि विद्यार्थी बाकावरून पाहत. लीबिगने विद्यार्थ्यांना मेज, भट्टी आणि तराजू दिले. आधी अनोळखी नमुने ओळखायचे, मग ठराविक पदार्थ तयार करायचे, मग स्वतःचा प्रश्न घेऊन शोध. १८३९ मध्ये गर्दी मावेना म्हणून इमारत वाढवावी लागली. त्या बांधकामाचा आराखडा करणाऱ्या वास्तुतज्ज्ञाचा मुलगा आउगुस्ट हॉफमान तिथेच रसायनज्ञ झाला, १८४५ मध्ये लंडनला गेला, आणि त्याच्या हाताखालच्या विल्यम पर्किन या पोराने १८५६ मध्ये डांबरातल्या अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग काढला. कृत्रिम रंगांचा सारा उद्योग तिथून निघाला.

दुसरा शिष्य रेमिगियुस फ्रेझेनियुस. त्याचे नाव आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नाही, पण बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचा हात धरलेला आहे. ‘सॉल्ट’ ओळखताना पहिला गट, दुसरा गट, मग हायड्रोजन सल्फाइड सोडून निक्षेप येतो का पाहायचा, ही गटवार शोधाची रीत त्याने १८४१ साली आपल्या पुस्तकात बसवली. आणि तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू हवा तेव्हा तोटी उघडून मिळावा, नको तेव्हा थांबावा, यासाठीचे तीन फुगवट्यांचे भांडे डेल्फ्टच्या पेट्रुस किपने त्याच दशकात काढले. तोटी बंद केली की साचलेला वायूच आम्लाला खाली ढकलतो आणि आम्ल व आयर्न सल्फाइडची गाठ तुटते. कसलाही पडदा किंवा स्प्रिंग नाही. इतके सुबक, स्वतःच स्वतःला आवरणारे यंत्र मला दुसरे आठवत नाही.

ब्युरेटची कूळकथा थोडक्यात सांगतो. तिचा जन्म कापड धुवण्याच्या धंद्यात झाला. फ्रान्समध्ये रुआंला कापड क्लोरीनच्या पाण्याने पांढरे करत. पाणी तेज निघाले तर कापड जळे, मंद निघाले तर मळकट राही. देक्रुआझीय या रसायनज्ञाने १७९० च्या दशकात त्या पाण्याचे बळ मोजायला खुणांची नळी केली: निळीचे किती द्रावण रंग सोडते ते पाहायचे. ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावे गे-ल्युसाकने १८२४ च्या सुमारास रूढ केली. पण आपल्या ओळखीची सरळ उभी, स्टँडला लावलेली ब्युरेट ही कोब्लेन्झच्या कार्ल फ्रिड्रिश मोर या औषधविक्याची देणगी. त्याने तळाला रबरी नळीचा तुकडा लावून त्यावर चिमटा बसवला. बोटांनी चिमटा दाबला की एकेक थेंब. १८५५ मध्ये त्याने या मोजणीवर पुस्तकच लिहिले. टोकात हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे पाहणे, डोळा द्रवाच्या पातळीला आणून खालच्या वक्राची खूण वाचणे, ही शिस्त मोरच्या ब्युरेटने हजारो हातांना लावली.

त्याच वर्षी कथा हायडेलबर्गला जाते.

रोबर्ट बुन्सेन १८५२ मध्ये तिथे प्राध्यापक झाला. उंच, मनमिळाऊ, अविवाहित माणूस. आर्सेनिकच्या एका भयंकर संयुगावर काम करताना स्फोट होऊन त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. विद्यापीठाने त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली, आणि तेव्हाच शहरात दिव्यांसाठी कोळशाचा गॅस येत होता. निखाऱ्यांची जागा गॅसने घ्यायची तर बर्नर हवा. होते ते बर्नर काजळी धरत, ज्योत पिवळी, उष्णता कमी. रॉस्को या शिष्याने लंडनहून आणलेला बर्नर बुन्सेनला पसंत पडला नाही. गॅस आणि हवा ज्योतीच्या आधी, नळीतच मिसळली पाहिजेत, हे त्याने मांडले. ते लोखंड-पितळेत उतरवले विद्यापीठाचा यंत्रकारागीर पेटर डेसागाने. नळीच्या बुडाशी हवेची भोके, खालून बारीक छिद्रातून येणारा गॅस स्वतःच्या झोताने हवा ओढून घेतो, वर ज्योत निळसर, जवळजवळ अदृश्य आणि कडक तापलेली. १८५५ मध्ये नवी प्रयोगशाळा उघडली तेव्हा विद्यार्थ्यांसाठी डेसागाने असे पन्नास बर्नर तयार ठेवले होते. बुन्सेनने पेटंट घेतले नाही. पेटवताना भोके बंद ठेवायची, ज्योत धरली की उघडायची. आधीच उघडी ठेवली तर ज्योत आत शिरून नळीच्या बुडाशी जळू लागते आणि सारा बर्नर तापतो. ही सूचना आजही शब्दशः तीच आहे.

त्या रंगहीन ज्योतीने आणखी एक दार उघडले. ज्योतीला स्वतःचा रंग नाही म्हणून तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग निर्भेळ दिसतो: सोडियम पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, तांबे हिरवे. पण मिसळलेल्या क्षारांत पिवळा सगळ्यांना झाकून टाकतो. गुस्टाव्ह किर्खोफ या मित्राने सुचवले की प्रकाश लोलकातून जाऊ दे. १८५९ मध्ये दोघांनी वर्णपटदर्शक जुळवला. लगेच पुढच्या वर्षी ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. चाळीस टनांहून अधिक पाणी आटवल्यावर हाती लागले ते काही ग्रॅम क्षार, आणि सीझियम नावाचे नवे मूलद्रव्य. १८६१ मध्ये तांबड्या रेषांवरून रुबिडियम. बर्नर पेटून सहा वर्षे झाली होती.

इथे आपल्या किनाऱ्याचा एक संबंध येतो, आणि एक प्रेमाने जपलेली चूकही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांकडे वर्णपटदर्शक रोखले गेले. जान्सेन हा फ्रेंच खगोलज्ञ गुंटूरला होता, धाकटा जॉन हर्शेल जमखंडीला. त्या ज्वाळांतल्या पिवळ्या रेषेतून पुढे हेलियम ओळखला गेला. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगतात की नॉर्मन लॉकयरने १८६८ मध्ये तिथूनच हेलियम शोधला. लॉकयर त्या साली इंग्लंडमध्ये होता, आणि तिथूनच ऑक्टोबरात ग्रहणाविना त्याने त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणात पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला आपले पथक घेऊन जेऊरला उभे होते. तारीख दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. उलट नायगमवालांचे नाव आपण त्याच अभिमानाने घ्यायला हवे.

हायडेलबर्गलाच एमिल एर्लेनमायर राहत होता, गीसेनला लीबिगकडे शिकलेला, काही काळ औषधाचे दुकान चालवलेला. त्याने एका साध्या प्रश्नाचे उत्तर काढले. चंचुपात्रात द्रव ढवळला तर उडतो. गोल बुडाचा चंबू मेजावर उभा राहत नाही. बूड सपाट, बाजू आत झुकलेल्या, मान निमुळती असे शंकूच्या आकाराचे भांडे त्याने १८५७ मध्ये एका सभेत दाखवले आणि १८६० मध्ये त्यावर लिहिले. एका हाताने ब्युरेटचा चिमटा, दुसऱ्या हाताने शंकुपात्र गोल फिरवत राहायचे, आणि थेंब बाहेर पडत नाही. स्थानिक काचवाल्यांशी बोलून त्याने ते विक्रीलाही आणले.

एवढे सगळे झाले तरी काच तीच होती, सोड्याची, तडकणारी. तापली की फुगते, एका बाजूने आधी फुगते, आणि फुटते. येनाला ओटो शॉटने १८८४ मध्ये एर्न्स्ट आबे आणि झाइस पितापुत्रांच्या साथीने काचेची प्रयोगशाळा काढली आणि काचेत बोरॉनचा ऑक्साइड मिसळला. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांशच फुगते. १८९० च्या दशकात येनाची भांडी जगभर गेली आणि इतरांनी आपल्या भट्ट्या त्या बाबतीत विझवल्यासारख्याच केल्या. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनला कळले की औषधे आणि स्फोटके तपासायला लागणारी चंचुपात्रे शत्रूच्या देशातून येत होती. घाईने सूत्रे शोधावी लागली. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ बाजारात आणली. तिची पहिली कसोटी एका स्वयंपाकघरात लागली होती: तिथल्या लिटलटन या शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसीने, बॅटरीच्या काचपात्राच्या कापलेल्या बुडात केक भाजून दाखवला. आपल्याकडे १९६२ मध्ये मुंबईत बोरोसिल सुरू झाली आणि मराठी घरांत ते नाव काचेच्या जातीचेच होऊन बसले.

लीबिग १८५२ मध्ये म्युनिकला गेला. त्याची पाच फुग्यांची नळी आता कोणी वापरत नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात तिचे चित्र तेवढे आहे. गीसेनची ती चौकी मात्र उभी आहे, १९२० पासून तिचे संग्रहालय झाले आहे.

आपल्याकडे अनेक शाळांत काचसामान आहे, पण कपाटाला कुलूप आहे. परीक्षानळ्या फुटतील म्हणून मुले त्या फळ्यावरच पाहतात. तुम्ही शिक्षक असाल, शाळेच्या समितीवर असाल, नुसते पालक असाल, तरी त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते एकदा विचारा. येत्या जूनमध्ये ते उघडा, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक नळी द्या.